एज्युकेशन लोन थकलं तर डॉक्टरकीचं काय होतं?

आधी धीराचं: हप्ते थकले म्हणून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणी काढून घेत नाही. प्रॅक्टिस चालू राहते. अडतं ते पुढचं सगळं.

खरा घोळ मोरॅटोरियमचा, म्हणजे हप्ते न भरण्याच्या सवलतीच्या मुदतीचा. सवलत कोर्स अधिक एक वर्ष, म्हणजे एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेसहा वर्षं. नीट-पीजीच्या तयारीसाठी घेतलेलं पहिलं वर्ष, म्हणजे पहिला ड्रॉप त्यात बसतो, दुसरा नाही. पीजीला नंबर लागला तरी मुदत आपोआप वाढत नाही. अ‍ॅडमिशन लेटर आणि बोनाफाईड घेऊन कर्जाच्या शाखेत लेखी अर्ज द्या, शिक्का मारलेली पोच घ्या. आणि सवलत हप्त्याला असते, व्याजाला नाही! दरवर्षी 4 लाख असे 20 लाख उचलले, सरळव्याज 10 टक्के धरलं, तर साडेसहा वर्षांत साधारण 9 लाख व्याज साचतं आणि मुद्दलात मिसळतं. मग 15 वर्षांचा हप्ता साडेएकवीस हजारांऐवजी एकतीस हजारांवर जातो. म्हणून इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून तरी महिन्याचं व्याज भराच.

90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बहुधा लातूरचं घर नाहीतर नांदेडचा प्लॉट तारण असतो. बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस येते, नंतर ताबा. शेतजमीन त्या कायद्यातून वगळली आहे. पण सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते. त्यांचाही सिबिल पडतो आणि ऐन पेरणीच्या तोंडावर पीककर्ज अडतं. हे कुणी सही घेताना सांगत नाही.

"थकू दे, नंतर सेटलमेंट करू", म्हणजे थोडी रक्कम भरून कर्ज मिटवू, असं सांगणाऱ्या सिनियरचं अजिबात ऐकू नका. सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा वर्षानुवर्षं राहतो. क्लिनिकच्या जागेसाठी, सोनोग्राफी मशीनसाठी बँकेत गेलात की मॅनेजर आधी तोच दाखवतो. मग उरते खासगी फायनान्स, चढ्या व्याजाची.

दिवाळखोरीनेही सुटका नाही. मुंबई शहर सोडलं तर सामान्य माणसाला आजही 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात जावं लागतं, आणि तुम्ही मोकळे झालात तरी जामीनदार किंवा सहकर्जदार मोकळा होत नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला वैयक्तिक भाग सर्वांना लागू झालेला नाही. त्यातही शैक्षणिक कर्ज माफीतून वगळलेलंच आहे. सरकारी वैद्यकीय अधिकारी असाल तर 1979 चे वर्तणूक नियम आहेत. नादारीची वेळ आली तर वरिष्ठांना कळवावं लागतं.

घाबरू नका, पण उशीरही करू नका. पहिला हप्ता चुकायच्या आत शाखेत जा, पगाराची स्लिप दाखवा, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. एनपीएआधी मॅनेजरच्या हातात बरंच असतं. नंतर फाईल वसुली विभागाकडे जाते. आणि बँकेत नोंदवलेला जुना मोबाईल नंबर आजच बदला.