ग्वाल्हेरमध्ये गेमिंग पीसी टिकवायचा असेल तर या चुका टाळा

घरातला पीसी बंद पडला की पहिला ठपका गेमवर येतो. "दिवसभर खेळत बसतो, मग मशीन जळणार नाही तर काय?" शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत हे वाक्य सर्रास ऐकू येतं. खरं तर नुसतं खेळल्यानं प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड सहसा जळत नाही. ठरावीक तापमान गाठलं की दोन्ही आपणहून वेग कमी करतात. आयुष्य खातात ती धूळ, मे-जूनचा उकाडा आणि जुन्या घरांतलं वायरिंग, आणि आपल्या गावात या तिन्हींची कमतरता नाही. पीसी बहुतेक घरांत वर्षभर पैसे साठवून येतो, म्हणून नवा रंगीत पंखा घेण्याआधी हे तपासा.

अर्थिंगशिवाय पीसी चालवणं

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. चिटणीस की गोठ, जनकगंज, माधोगंज या बाजूच्या जुन्या घरांत बोर्ड नवे बसलेले असतात, भोकं तीन दिसतात, पण अनेकदा तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि "थोडा करंट येतोच" म्हणून सगळे ते सोडून देतात. पीसी चालू असताना कॅबिनेटच्या मागच्या एखाद्या उघड्या स्क्रूला टेस्टर टेकवून बघा. दिवा लागला, तर अर्थिंग नाही असं धरून चाला.

असं का होतं? एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) तोंडाशी असलेल्या फिल्टरमध्ये दोन छोटे कपॅसिटर थेट बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित करंट जमिनीत जातो. नसेल तर अख्खी बॉडी साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहते. अशा वेळी पीसी चालू असताना टीव्हीची एचडीएमआय केबल जोडली, तर हा करंट पोर्टमधून वाट काढतो. "पोर्ट आपोआप गेला" अशा तक्रारींच्या मागे पुष्कळदा हे असतं. स्पाइक गार्डसुद्धा अर्थिंगशिवाय अर्धंच काम करतो.

उपाय एकच: इलेक्ट्रिशियनकडून खरी अर्थिंग करून घ्या. कुणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो म्हणाला तर ठाम नकार द्या. झिणझिण्या थांबतात, पण पुढे कधी न्यूट्रल तुटली तर कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. घरातल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे हा. काम झाल्यावर मल्टीमीटरनं फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजून दाखवायला सांगा. पहिलं माप २३०च्या आसपास, दुसरं दोन-चार व्होल्टच्या आत यायला हवं.

स्टॅबिलायझरवर खर्च, यूपीएसवर काटकसर

चांगल्या एसएमपीएसवर इनपुट १००-२४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. तो कमी व्होल्टेज स्वतःच सांभाळतो, त्याला स्टॅबिलायझर लागत नाही. त्याला खरा त्रास होतो तो लाइट अचानक जाण्या-येण्याचा. पूर्ण भारावर एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, आणि घरातला इन्व्हर्टर साध्या मोडवर बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा वेगळा स्विच असतो, तो आधी शोधा. स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर मात्र गेमिंग पीसीला लावूच नका. यूपीएस घेताना व्हीएचा आकडा बघून भुलू नका, कारण ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो.

कूलरच्या झोतात कॅबिनेट

आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो, म्हणून पुष्कळ जण पीसी थेट कूलरसमोर ठेवतात. कोरड्या मे महिन्यात कूलर खोली झकास गार करतो आणि त्याचा पीसीलाही फायदाच होतो, कारण खोली दहा अंशांनी गार झाली की आतलं तापमानही जवळपास तेवढंच उतरतं. चूक थेट झोताची. त्यासोबत पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि बोअरचं पाणी असेल तर क्षारही. वाळ्यावर जो पांढरा थर दिसतो, तोच मग मदरबोर्डवर जमू लागतो. कूलर समोरच्या खिडकीत असू द्या, झोत आडवा जाऊ द्या आणि पलीकडची एखादी खिडकी उघडी ठेवा. पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा कूलरचा उपयोग संपतो. मग पंखा बरा.

बाजूचं पॅनल उघडून खेळणं हा उपाय नाही. उष्णता थोडी उतरते, पण संध्याकाळी आंधी आली की सगळी धूळ आत.

फ्रेम रेटला, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं बनवतं त्याला, मर्यादा घालणं फुकट आहे, तरी फार कमी जण ते करतात. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर १४४च्या वरच्या फ्रेम्स म्हणजे निव्वळ उष्णता. मेनूच्या पडद्यावर तर कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम्स उधळत बसतं. २०२१ मध्ये न्यू वर्ल्ड या गेमच्या बीटा (चाचणी) आवृत्तीत काही आरटीएक्स ३०९० कार्डं बंद पडली. दोष सोल्डरिंगचा असल्याचं कार्डाच्या कंपनीनं नंतर सांगितलं, पण गेमच्या मेनूवर फ्रेमची मर्यादा तेव्हाच आली.

चुकीची सफाई

कॅबिनेटचा धूळ अडवणारा फिल्टर उन्हाळ्यात पंधरवड्याला धुवा, पूर्ण वाळवूनच लावा. आतली धूळ बाहेरून दिसते त्याहून वाईट असते. प्रोसेसरच्या कूलरचा पंखा काढलात तर पंखा आणि पत्र्यांच्या मधोमध नमद्यासारखी जाड करडी घडी निघते. वरवर फुंकर मारून ती हलत नाही, पंखा सोडवावाच लागतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर मदरबोर्डजवळ नेऊ नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधला लेप) दर सहा महिन्यांनी बदलायची गरज नाही. दोन-तीन वर्षांनी, आणि तेही तापमान चढू लागलं असेल तरच.

कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस

पैसे वाचवायचे तर रॅममध्ये वाचवा, इथे नको. ८० प्लसचा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा असतो, आणि ती चाचणीही साधारण २३ अंशांच्या खोलीत होते. आपली खोली ४०ची. कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. म्हणून ५० अंशांवर पूर्ण वॉट देण्याची हमी असलेला एसएमपीएस बघा.

लक्षण बघून निदान करा

खेळताना पंधरा-वीस मिनिटांनी फ्रेम्स हळूहळू घसरत असतील तर कारण बहुधा उष्णता. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून तापमान बघा. जड प्रसंगात पडदा क्षणात काळा होऊन पीसी रीस्टार्ट होत असेल तर संशय एसएमपीएसवर. पडद्यावर रंगीत चौकोन उमटले तर ग्राफिक्स कार्डाची मेमरी. आंधीनंतर पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, अशा वेळी दुकानात धावण्याआधी प्लग काढून रॅम काढून पुन्हा घट्ट बसवा. तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

प्रोसेसर इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीतला, आय५ १३६००के किंवा त्यावरचा असेल आणि गेम कारण नसताना क्रॅश होत असतील, तर आधी बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट आहे का बघा. जादा व्होल्टेजमुळे यांतले बरेच प्रोसेसर कायमचे खराब झाले. ऑगस्ट २०२४ पासूनच्या बायोस अपडेटमधून येणाऱ्या मायक्रोकोडनं (प्रोसेसरसाठीच्या दुरुस्तीनं) पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून निघत नाही. इंटेलनं या मॉडेल्सची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, त्यामुळे बिल शोधून ठेवा.