लाडघर ते आंजर्ले, किनाऱ्याने चालत एका दिवसात

दापोलीच्या किनाऱ्यावरचा हा 18-20 किलोमीटरचा पट्टा चालायचा असेल तर आधी सुट्टी नाही, तिथी बघा. आमची पहिली खेप रविवार मिळाला म्हणून पौर्णिमेला झाली, बारा वाजता भर उधाण, पुळणीची, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याची, चिंधी उरलेली आणि मऊ वाळूत पाय घोट्यापर्यंत आत. हिशोब सोपाय, तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, पंचमीला पहाटे पावणेचार, त्यानंतर सहा तासांनी म्हणजे दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. पंचमी-षष्ठी धरा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि आदल्या रात्री टाइड टेबलवर एकदा खात्री करा.

चालायचं दक्षिणेकडून उत्तरेकडे. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, ऊन पाठीवर येतं.

उजाडता उजाडता लाडघर सोडा. कर्द्याच्या आधी डोंगर समुद्रात घुसलाय, तिथे गपचूप वरचा रस्ता धरा. मी खडकांवरून शॉर्टकट मारायला गेलो, शेवाळावर सटकलो आणि खडकाला चिकटलेल्या कालवाच्या शिंपल्याच्या धारेने अंगठ्याखाली ब्लेड मारल्यासारखं चिरलं, वर खारं पाणी, पुढचे दोन तास काय झालं ते विचारू नका. त्यामुळे पट्ट्याचे सँडल हवेतच, अनवाणी फक्त वाळूत.

कर्दे ते मुरूड ही खरी मजा, आणि ती ओहोटीलाच. पाय टाकला की भोवतीची ओली वाळू क्षणभर पांढुरकी पडते ना, त्या पट्ट्यातून चाला, तीच कडक. पुळण समुद्राकडे उतरती, डावा पाय सतत खाली, संध्याकाळपर्यंत डावा गुडघा बोलायला लागतो. मुरूड हे महर्षी कर्व्यांचं गाव. ते परीक्षेसाठी इथून साताऱ्याला पायी गेले आणि तिथे वय कमी दिसतं म्हणून बसूच दिलं नाही, तेव्हा इथे पाय दुखतात म्हणायची जरा लाजच वाटते.

दुपारचं ऊन मुरुडातच काढा. जेवण, सोलकढी, बाटल्या भरून घेणं, माणशी तीन लिटर पाणी कमी नाही. तीननंतर पाणी चढलेलं असतं पण तेव्हा तुम्ही हर्णैच्या डांबरी रस्त्यावर असता, म्हणून चिंता नाही. हर्णै बंदरात दुपार कलली की मासळीचा लिलाव, समोर सुवर्णदुर्ग, इथे अर्धा तास हमखास जातो, तो धरूनच चाला. परतीची रिक्षाही इथेच ठरवून टाका, अंधारात शोधत बसू नका.

पुढे पाजपंढरीवरून आंजर्ल्याचा पूल. पाणी कमी दिसलं तरी खाडीत उतरू नका, ओढ जबरदस्त असते आणि कडेचा चिखल पाय सोडत नाही. पाय शिल्लक असतील तर कड्यावरच्या गणपतीला चढा, सूर्य बुडताना तिथून समुद्र आणि सुवर्णदुर्ग दिसतो.