मॅन्युअल लिहायला माणूस घेण्याआधी

जाहिरात नंतर. आधी एका कागदावर आपल्याच कंपनीतल्या माणसाचं नाव लिहा: लेखकाच्या शंकांना उत्तरं कोण देणार? मागच्या वेळी मी हेच विसरलो. गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यातलं आमचं पॅकिंग मशीन. मॅन्युअल लिहायला बाई मिळाल्या त्या चांगल्या, अनुभवी. पण सीलिंगचं तापमान कुठपासून कुठपर्यंत चालतं, एवढं सांगायलाही कोणी मोकळा नव्हता. मशीन ज्याने डिझाइन केलं तो आधी गिऱ्हाइकाकडे मशीन बसवायला, मग गणेश चवथीला पेडण्याला घरी. बाईंच्या सव्वीस शंका ईमेलात पडून, आणि आम्ही म्हणतोय, ‘त्यांना जमत नाही.’ तेव्हा नुसतं नाव नको, तासही लिहा. आठवड्याला चार तास, कुठल्या वारी, आणि तो नसला तर कोण. खाली त्याच्या साहेबाची सही घ्या, नाहीतर ते चार तास पहिल्याच ऑर्डरच्या घाईत जातील.

काय लिहून घ्यायचंय तेही ठरवा. ‘मॅन्युअल’ म्हटल्याने काही कळत नाही. रोज मशीन चालवणारा, बिघाड शोधणारा आणि मशीन बसवणारा, तिघांना वेगवेगळं हवं असतं.

इंग्रजी चांगलं हवं, हे सांगायला नको. नमुने मागवा, पण त्यांवर फार विसंबू नका; एकेका मॅन्युअलवर चार-पाच हात फिरलेले असतात. त्यापेक्षा आपल्याच जुन्या मॅन्युअलचं अर्धं पान सुधारायला द्या, आणि त्याचे पैसे द्या. फुकट परीक्षेला चांगली माणसं बसत नाहीत. पानात ‘बोल्ट घट्ट करा’ असं एक वाक्य असू द्या. एक जण त्याची भाषा सुधारेल, दुसरा विचारेल, ‘किती घट्ट? किती न्यूटन-मीटर?’ दुसऱ्याला घ्या. एकही प्रश्न न विचारता परत आलेलं पान कितीही स्वच्छ दिसलं तरी नको. (आणि त्या प्रश्नाला उत्तर देणार कोण? कागद काढा. नाव आहे ना?)

इशारा कुठे टाकलाय तेही बघा. ‘झाकण उघडा’ आणि त्याखाली ‘आधी वीज बंद करा’? वाचेपर्यंत हात आत गेलेला असतो. विमानांच्या देखभालीसाठी निघालेल्या सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश या सोप्या इंग्रजीच्या नियमावलीत कृतीच्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे. उमेदवाराला ती माहीत असली तर उत्तम, नसली तर निदान त्याच्या वाक्यांतले शब्द मोजा.

पैसे शब्दांवर ठरवू नका, पानं फुगतात. टप्प्यांवर द्या. करारात कॉपीराइटचं कलम हवंच. १९५७च्या कायद्याप्रमाणे बाहेरच्या लेखकाचं लिखाण सहसा त्याच्याच मालकीचं राहतं. लेखी हस्तांतर करून घेतलंत, पण मुदत लिहिली नाहीत, तर ते पाच वर्षांपुरतं. प्रदेश लिहिला नाहीत, तर भारतापुरतं. मशीन निर्यात करत असाल तर हे दोनदा वाचा.

चालू मशीन दाखवा, ब्रोशर नको. चित्रं आणि भाषांतर यांचा खर्च वेगळा. गेटपास, लॅपटॉप, फाइल कशात हवी, बघून घ्या. मसुदा तपासायचा आठवडा चवथीत टाकू नका.

आणि लेखक पहिल्या दिवशी येईल तेव्हा तो कागदावरचा माणूस जागेवर हवा. रजेवर असेल तर लेखकालाच आठवडाभर उशिरा बोलवा.