कौलं शाकारून घेतली, पण काम नीट झालंय का ते कसं बघितलं (माझा अनुभव)

आमचं मंगळवार पेठेतलं आजोबांच्या काळातलं कौलारू घर, मंगलोरी कौलं. गेल्या मे महिन्यात शाकारून घेतलं, मिस्त्री म्हणाला आता काळजी नको, पैसे देऊन मोकळा झालो आणि जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात देवघरावर गळायला लागलं, आईनं पातेलं लावलं तेव्हा फार वाईट वाटलं.

मग स्वतः बघायचं ठरवलं. भर दुपारी माळ्यावर चढून लाइट बंद केली, तर तीन ठिकाणी उजेडाच्या बारीक चिरा दिसल्या, म्हणजे तिथं कौलाची खाच शेजारच्या खाचेत बसलेलीच नव्हती. कौलाच्या खालच्या बाजूला जी नाकं असतात ती रिपेला, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीला, अडकली पाहिजेत, इथं रीपच कुजलेली, बोटानं भुसा निघत होता, आणि त्याच्यावरच नवीन कौल ठेवून दिलेलं! कौल वाजवून पण बघा, चांगलं असेल तर खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं.

दुसऱ्या मिस्त्रीकडून सहा फूट रीप बदलली, आढ्यावरचा (छपराच्या दोन उतारांच्या वरच्या जोडावरचा) भेगाळलेला सिमेंट फोडून परत भरला. यावेळी पैसे द्यायच्या आधी पाइपनं खालून वर, एकेक ओळ करत पाणी मारलं, एकदम वरून मारलं तर गळती नेमकी कुठली तेच कळत नाही. भाऊ आत बॅटरी घेऊन उभा होता. भिंतीला छप्पर टेकतं तिथं थोडी ओल आली, ती जागा त्याच दिवशी दुरुस्त करून घेतली.