बाळ ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) यायच्या आधी एसीकडं बघा

ओटी टेक्निशियनचा कोर्स करून मिरजेत पहिली नोकरी लागली तेव्हा मला वाटायचं मशीन चेक केलं, ट्रॉली लावली, झालं आपलं काम. बाळ गार पडतं हे कुठं डोक्यात होतं?

जानेवारी महिना, जतकडचं आठ महिन्यांचं बाळ, पोटाचं ऑपरेशन. दारात आजीकडनं बाळ घेतलं, कुंची काढून तिच्याच हातात परत दिली. एसी १९ वर तसाच. सलाईनसाठी शीर सापडेना म्हणून बाळ उघडंच, मग ईसीजीचे स्टिकर, कॅथेटर, वरनं बेटाडीननं सगळं पोट ओलं. भुलीच्या मॅडम म्हणाल्या, "अरे, पाय बघ की हात लावून." फ्रीजमधनं काढलेल्या टोमॅटोसारखा गार! नाकातल्या प्रोबवर (टेंपरेचर मोजायची तार) ३४.९. मग गरम हवेचं ब्लँकेट (मशीन पाईपनं त्यात गरम हवा सोडतं) लावलं पण चार तासात ३६ काय गाठलं नाही, बाळ जागं व्हायला संध्याकाळ झाली आणि आजी बाहेर कुंची घेऊन तशीच उभी.

मॅडमनी नंतर चहा पिताना समजावलं. भूल दिली की कातडीकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, आतली ऊब हातापायाकडं पळते, म्हणून पहिल्या तासातच टेंपरेचर धाडकन उतरतं. त्यात बाळाचं वजन कमी आणि अंग त्या मानानं मोठं, डोकं तर फारच, चरबी पातळ. तान्ह्याला तर कुडकुडताही येत नाही, ते तपकिरी चरबी जाळून ऊब करतं आणि भुलीचा गॅस तेही बंद पाडतो. ३६ च्या खाली गेलं की रक्त गोठायला वेळ, औषधं उतरायला वेळ, जखम पिकायची भीती वेगळीच.

त्यामुळं नवीन पोरापोरींनो, बाळ यायच्या आधीच खोली २४-२६ वर आणा. सर्जन घामानं वैतागतात, वैतागू देत, ड्रेप (ऑपरेशनच्या निर्जंतुक चादरी) पडून बाळ नीट झाकलं गेलं की एसी थोडा खाली घ्या. ब्लँकेट आधीच टेबलावर आणि चालू पाहिजे. डोक्याला टोपी, हातापायाला कापसाचा रोल, लागेल तेवढंच उघडं. बेटाडीन पाठीखाली साचलं तर चादर बदला, ओल्या चादरीवर बाळ तासन्‌तास पडलं तर वरनं कितीपण गरम करा, उपयोग नाही. पोट धुवायचं सलाईन कोमट, रक्त वॉर्मरमधनंच, ते फ्रीजमधनं आलेलं असतंय.

आणि एक जुगाड अजिबात नको. ग्लोव्हमध्ये गरम पाणी भरून कुशीला ठेवणं किंवा ब्लँकेट नाही म्हणून मशीनचा नुसता पाईप चादरीखाली सोडणं. कातडी भाजते आणि भुलीतलं बाळ रडणार कसं?

उलटंही होतं बरं का. सगळीकडनं झाकलेलं बाळ दोन-तीन तासांनी ३८ वर जातं, मग मॅडमना सांगून मशीन कमी करा. म्हणून प्रोब शेवटपर्यंत ठेवायचा.

कुंची मी आता दारात काढत नाही. भूल चढेपर्यंत राहू देतो, मॅडमना विचारून.