परीक्षेच्या पॅडवर घर्षण मोजा

नववीत गतीचे नियम येतात आणि बहुतेक मुलं ते पाठ करून मोकळी होतात. 'गतीला विरोध करणारं बल म्हणजे घर्षण' एवढं लिहिलं की मार्कही मिळतात. पण ते घर्षण आहे किती? हे घरच्या घरी मोजता येतं, त्यासाठी वजनकाटाही लागत नाही. इंदूरला आमच्या लोकमान्यनगरातली मुलं सुट्टीत जमली, की मी आधी हाच प्रयोग करून घेते.

सामान साधं आहे: परीक्षेला नेतात तो गुळगुळीत पॅड, रिकामी काडेपेटी, वहीचा कागद, पट्टी आणि थोडी नाणी. काडेपेटीला सगळीकडून एकाच प्रकारचा कागद घट्ट चिकटवा. काडी ओढायची बाजू खरखरीत असते. ती झाकली नाही, तर पुढची तुलना फसते.

पॅडची क्लिप वरच्या बाजूला ठेवा. खालची कड भिंतीला टेकवा, म्हणजे पॅड सरकणार नाही. वरच्या भागात काडेपेटी रुंद बाजूवर सपाट ठेवा, तिची लांबी उताराच्या दिशेने हवी. आता कोपर टेबलावर टेकवून पॅड अगदी हळूहळू उचला. हात थरथरला की पेटी वेळेआधीच घसरते, म्हणून कोपराचा आधार हवाच. पेटी सुटली त्या क्षणी थांबा. वरची कड टेबलापासून किती उंच आहे ते मोजा. मग खालच्या कडेपासून त्या वरच्या कडेच्या बरोबर खालच्या जागेपर्यंतचं अंतर टेबलावर मोजा. उंचीला अंतराने भागा. समजा उंची १० सेंमी आली आणि अंतर २८ सेंमी, तर उत्तर ०.३६. हा त्या दोन पृष्ठभागांमधला स्थितिक घर्षण गुणांक, म्हणजे वस्तू सुटेपर्यंत तिला धरून ठेवणारं घर्षण किती ते सांगणारा आकडा. चार-पाच वेळा मोजून सरासरी घ्या.

आता पेटीत नाणी भरा, पण पॅड उचलण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज वदवून घ्या. कुणी म्हणतं जड पेटी लवकर घसरेल, कुणी म्हणतं उशिरा. पॅड उचलला की पेटी जवळपास त्याच उंचीला सुटते! वजन दुप्पट झालं की पेटीला खाली ओढणारं बल दुप्पट होतं, पण पेटी पॅडवर दाबलीही दुप्पट जाते, त्यामुळे घर्षणाची मर्यादाही तेवढीच वाढते. मग पेटी अरुंद बाजूवर उभी करा, लांबी उताराच्या दिशेनेच. टेकणारी जागा निम्म्याहून कमी झाली तरी आकडा फारसा हलत नाही. फ्रान्सचे शास्त्रज्ञ आमाँतों यांनी १६९९ मध्ये हेच दोन निष्कर्ष मांडले होते. मुलांना ते स्वतःच्या आकड्यांतून सापडतात, म्हणून हा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढे पृष्ठभाग बदला. पॅडवर कॅरमची पावडर भुरभुरवा, गुणांक घसरेल. मग पावडर पुसून टाका आणि पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा आणून पेटीच्या तळाला लावा, तो चांगलाच वाढेल. उंची अंतरापेक्षा जास्त भरली, तर गुणांक १ च्याही वर जातो, त्यात चूक काही नाही. हाच प्रयोग मे महिन्यात आणि पुन्हा जुलैच्या दमट हवेत करून आकडे शेजारी शेजारी लिहा.

ट्यूब काढून, पेटी सुटण्याच्या थोडं आधी पॅड थांबवा आणि बोटाने हलकी टिचकी मारा. पेटी निघाली की बहुतेक वेळा थांबत नाही, कारण सरकणाऱ्या वस्तूवरचं घर्षण स्थिर वस्तूवरच्यापेक्षा सहसा कमी असतं. पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला की दुचाकी घसरते, त्यामागेही हेच आहे: फिरणारं चाक रस्त्याला धरून असतं, लॉक झालेलं चाक नुसतं सरकतं. ब्रेकमधली एबीएस ही यंत्रणा चाकाला लॉक होऊ देत नाही.

जडत्वाचा, म्हणजे वस्तू आहे त्याच स्थितीत राहू पाहते या गुणाचा, प्रयोग दोन मिनिटांचा. ग्लासवर पत्ता, पत्त्यावर नाणं. पत्ता हळू ओढला तर नाणं सोबत येतं, टिचकीने उडवला तर नाणं ग्लासात पडतं. हळू ओढताना नाण्याला पत्त्याबरोबर न्यायला घर्षण पुरतं, झटक्यात पुरत नाही.

गतीच्या तिसऱ्या नियमासाठी (क्रियेला तेवढीच उलट प्रतिक्रिया) चावीची गाडी घ्या. चार-पाच गोल पेन्सिलींवर हलका पुठ्ठा ठेवा (षट्कोनी पेन्सिली नीट गडगडत नाहीत) आणि त्यावर चावी दिलेली गाडी सोडा. गाडी पुढे जाते, पुठ्ठा मागे पळतो. चाक पुठ्ठ्याला मागे ढकलतं, पुठ्ठा चाकाला पुढे. मग तीच गाडी पावडर टाकलेल्या पॅडवर चढवून पाहा: चाकं जागच्या जागी फिरू लागतील. इंदूरजवळच्या पातालपाणी ते कालाकुंड या घाटातल्या रेल्वेगाडीपुढेही हीच अडचण असते, कारण पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यातलं घर्षण मुळात कमी, पाऊस पडला की आणखी कमी. म्हणून रेल्वेच्या इंजिनात वाळूच्या पेट्या असतात आणि चाक घसरू लागलं की ड्रायव्हर रुळावर वाळू सोडतो.