मेसोपोटेमियाचे देव लावायचे कसे? आधी गाव विचारा

मेसोपोटेमियाच्या, म्हणजे प्राचीन इराकच्या, देवांचा तक्ता करायला बसलं की पहिला रकाना आपण आखतो तो "कशाचा देव" असा. सूर्याचा उतू, चंद्राचा नान्ना, गोड्या पाण्याचा एन्की, पंधरा-वीस नावांपर्यंत छान चालतं. मग युद्धाखाली निनुर्ता येतो, नेर्गल येतो, किश शहराचा झबाबा येतो, इश्तार येते, आणि इश्तार तर प्रेमाखालीही हवी आणि शुक्राच्या ताऱ्याखालीही, आणि तक्ता तिथेच अडकतो. माझ्या दोन दोनशेपानी वह्या अशा अर्ध्यावर राहिल्या. तिसऱ्या वेळी फोंड्याच्या बाजारातून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणला, एका देवाला एक कार्ड असं ठरवलं, आणि वरच्या ओळीत काम न लिहिता गाव लिहिलं. तेव्हा कुठे सगळं जागेवर बसायला लागलं, म्हणून हीच पद्धत सांगते.

गोव्यातल्या माणसाला खरं तर हे लगेच पटेल. आपल्याकडे कोणी "शांतादुर्गा" म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला, खंयची? कवळ्याची, फातर्प्याची की धारगळची? देवी एकच असं कुणी म्हणेल आणि ते खोटंही नाही, पण कवळ्याला बोललेला नवस फातर्प्याला फेडत नाहीत. निनवे आणि अर्बेला ही असीरियातली दोन शहरं, आणि निनवेची इश्तार आणि अर्बेलाची इश्तार हे अगदी असंच प्रकरण आहे. असीरियाचा राजा एसारहद्दोन याने इ.स.पू. ६७२ मध्ये आपल्या वारसासाठी सगळ्यांकडून शपथा घेतल्या, त्या करारात या दोघींची नावं वेगवेगळी आहेत. ज्यांचे देव होते त्यांनीच दोन धरल्या तर आपणही दोन कार्डं करायची, आणि एकमेकींच्या कार्डावर नुसती खूण ठेवायची.

तर पहिलं काम, गाव आणि देऊळ. हे काम सोपं आहे कारण मोठ्या देवांची देवळं नावानिशी माहीत आहेत. निप्पूरला एन्लिल, देऊळ एकुर. एरिदूला एन्की, देऊळ एअब्जू. उरुकला इनान्ना (इश्तारचंच सुमेरी नाव), एआन्ना. उरला चंद्रदेव नान्ना. बॅबिलॉनला मार्दुक, एसागिला. बोर्सिप्पाला नाबू, एझिदा. कुथाला नेर्गल, एमेस्लाम. देवळांच्या नावात सुरुवातीला येणारा "ए" म्हणजे घर, हे एकदा कळलं की यादी वाचताना देऊळ कुठलं आणि देव कुठला ते आपोआप वेगळं होतं. सूर्यदेव उतूची मोठी देवळं दोन, सिप्पारला आणि लार्साला, आणि दोघांचंही नाव एबाब्बार, म्हणजे पांढरं लखलखीत घर. तिथे कार्ड एकच ठेवा पण दोन्ही गावं लिहा.

गाव बदललं तर तेही लिहायचं, आणि तारखेसकट. मंगेश मुळात कुठ्ठाळीचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भीतीने प्रियोळला आणला, हे काढून टाकलं तर आजच्या मंगेशीचा इतिहासच कळत नाही. मार्दुकची मूर्ती हित्तींनी (आजच्या तुर्कस्तानातलं राज्य) नेली, परत आली, पुढे एलामच्या (आजचा नैर्ऋत्य इराण) लोकांनी नेली, आणि इ.स.पू. बाराव्या शतकाच्या शेवटी पहिला नेबुकद्नेझर एलामवर चालून गेला आणि मूर्ती परत घेऊन आला. मार्दुकचा मोठेपणा वाढला त्यात या परत येण्याचा वाटा मोठा आहे असं बरेच अभ्यासक मानतात, म्हणजे ही माहिती शोभेची नाही, कार्डाच्या मधोमध हवी.

आता नावं कशी लिहायची. इथे आपल्याला देवनागरीचा मोठा फायदा आहे आणि तो लोक वापरतच नाहीत. इंग्रजी पुस्तकातला "डिंगिर" हा शब्द, म्हणजे देव, अभ्यासक आता "दिङिर" असा वाचतात, तो मधला उच्चार आपल्या ङ चा आहे! गिर्सू हे शहर तसंच, खरं ङिर्सू. आणि "निन्हुर्साग" या मातृदेवीच्या नावातला ह घशातून येणारा, ख कडे झुकणारा, म्हणून मी निन्खुर्साग लिहिते. रोमन लिपीत डोक्यावर चिन्हं द्यावी लागतात, आपल्याकडे अक्षरं तयार आहेत. कार्डावर वर प्रचलित नाव आणि खाली कंसात हे, एवढं केलं की पुरे. दिङिरचं चिन्ह मूळचं ताऱ्याच्या आकाराचं, देवाच्या नावाआधी काढायचे म्हणजे पुढचं नाव देवाचं हे वाचणाऱ्याला समजायचं. पण सांभाळून, हेच चिन्ह आकाशदेव आन याच्या नावासाठीही आहे, आणि नराम-सिन, शुल्गी अशा राजांनी स्वतःला देव म्हणवून घेतलं तेव्हा त्यांच्या नावाआधीही ते लागलं. राजांची कार्डं वेगळ्या रंगाची करा.

गावानंतर घर. घर म्हणजे बायको, मुलं, आणि कारभारी. ही पद्धत माझी नाही, तिथल्या लेखनिकांचीच आहे. देवांच्या याद्या करायची त्यांना हौस होती, शुरुप्पाक म्हणजे आजच्या फारा इथे सापडलेली यादी साधारण इ.स.पू. २६०० ची, तिच्यात पहिली नावं आन, एन्लिल, इनान्ना, एन्की. आणि पुढची सगळ्यात मोठी यादी "आन = आनुम" नावाने ओळखतात, तिच्यात जवळजवळ २,००० नावं. ती वाचली की कळतं, एक मोठा देव घेतलाय, त्याची सगळी नावं दिलीत, मग बायको, मग मुलं, मग दिवाणजी, सेवक, आणि घर पूर्ण झालं की मगच पुढचा देव. आपल्या देवळात मुख्य देव आणि भोवती परिवार देवता असतात ना, तसंच. आमच्या गावात गाऱ्हाणं घालताना नावं वाटेल तशी घेत नाहीत, क्रम ठरलेला असतो आणि त्या क्रमातच कोण कोणाचा हे कळतं, मला ती यादी वाचताना दर वेळी तेच आठवतं. कारभाऱ्यांना विसरू नका, एन्लिलचा नुस्का, इनान्नाची निन्शुबुर, एन्कीचा दोन तोंडांचा इसिमुद. इनान्ना पाताळात अडकली तेव्हा देवांची दारं ठोठावत फिरली ती निन्शुबुर.

आईबाप दोन ठिकाणी दोन निघतील. इनान्ना कुठे नान्नाची मुलगी तर कुठे आनची. खरं कुठलं म्हणून भांडत बसू नका, दोन्ही लिहा आणि पुढे कुठल्या गावचं, कुठल्या काळचं ते लिहा.

आता सगळ्यात जपून करायचं काम, "हा म्हणजेच तो". सुमेरी आणि अक्कादी या तिथल्या दोन भाषा. सुमेरी नाव आणि अक्कादी नाव, उतू आणि शमाश, नान्ना आणि सिन, एन्की आणि एआ, इथे दोन नावं एका कार्डावर चालतात. पण निन्गिर्सू आणि निनुर्ता घ्या. दोघे एन्लिलचे मुलगे, दोघे लढवय्ये, पुढच्या काळात दोघांना एकच धरलं गेलं, म्हणून मीही कार्डं एकत्र केली. आणि लगेच बायकांचा घोळ झाला, निन्गिर्सूची बायको बाऊ, निनुर्ताच्या शेजारी गुला, मग बाऊ म्हणजे गुला करावी लागली, गुला इसिनची वैद्यदेवी, ती निनिसिनाशी जोडलेली, निनिसिनाचा नवरा पाबिल्साग, म्हणून तोही निनुर्ता. एका दुपारी सहा देवांचे दोन झाले, आणि लगाशचा राज्यकर्ता गुदेआ याने साधारण इ.स.पू. २१०० मध्ये एवढ्या भक्तीने निन्गिर्सूसाठी एनिन्नू देऊळ बांधलं तो निन्गिर्सू माझ्या गठ्ठ्यात उरलाच नाही. त्या संध्याकाळी सगळी कार्डं परत वेगळी केली. तेव्हापासून कार्डं जोडत नाही, मागच्या बाजूला "अमुक काळात अमुकशी एक मानला" असं लिहिते.

मार्दुकच्या बाबतीत तर हे पाळलंच पाहिजे. एका उशिराच्या काळातल्या मातीच्या पाटीवर एन्लिल म्हणजे राज्य आणि मसलतीचा मार्दुक, सिन म्हणजे रात्र उजळणारा मार्दुक, शमाश म्हणजे न्यायाचा मार्दुक, अदाद म्हणजे पावसाचा मार्दुक असं ओळीने लिहिलंय. ते बॅबिलॉनच्या भक्तीचं बोलणं आहे आणि फार सुंदर आहे, पण म्हणून उरच्या सिनचं कार्ड फाडायचं नाही.

आकड्यांचा रकाना ठेवा, उपयोगी पडतो. आनू (म्हणजे आन) ६०, एन्लिल ५०, एआ ४०, सिन ३०, शमाश २०, इश्तार १५. चंद्राला ३० कारण महिन्याचे दिवस ३०. लेखनिक देवाचं नाव पूर्ण न लिहिता नुसता आकडा लिहायचे, सेन्नाखेरिब राजाचं नाव सिन-अख्खे-एरिबा, त्यातला सिन ते "३०" असा लिहीत. चित्रं बघायची असतील तर खुणा लक्षात ठेवा, फावडं मार्दुकचं, लेखणी नाबूची, कुत्रा गुलाचा, बकऱ्याचं तोंड आणि माशाची शेपटी असलेला प्राणी एआचा, वीज अदादची.

अनुन्नाकी आणि इगिगी यांचा वेगळा कप्पा करू नका. ती समूहाची नावं आहेत आणि काळानुसार त्यांचा अर्थ बदलतो, कधी सगळे मोठे देव, कधी फक्त पाताळातले. कार्डाच्या कोपऱ्यात नोंद पुरे. परग्रहावरून आलेले वगैरे जे व्हिडिओ फिरतात त्याला पाट्यांमध्ये काहीही आधार नाही, तिथून एक ओळसुद्धा कार्डावर घेऊ नका.

"कशाचा देव" हा रकाना आता सगळ्यात शेवटी भरा. बघाल तर तो अर्धा आपोआप भरलेला असेल, कारण गाव, घर आणि खुणा बघून काम कळतंच.

आणि शेवटी थोडी कार्डं उरतील ज्यांच्यावर फक्त नाव आहे, यादीत दिङिर काढून लिहिलेलं, गाव नाही, घर नाही, एकही गोष्ट नाही. ती कुठल्या तरी मोठ्या देवाखाली सरकवून द्यायचा मोह होतो. तसं करू नका. माझ्याकडे त्यांच्यासाठी बिस्किटांचा एक जुना डबा आहे, त्यात ती यादीतल्याच क्रमाने ठेवली आहेत, आधीचं नाव कोण आणि नंतरचं कोण एवढं पेन्सिलीने लिहून.